घराचा रंग, पडदे, फर्निचर: पर्यावरणाला आणि घरातल्यांना सोसेल असं कसं निवडायचं?

रानजाई

घराचं मोठं काम काढलं आहे. भिंतींना रंग द्यायचा आहे, सोफ्याचं कापड आणि पडदे बदलायचे आहेत, एक कपाट आणि लेकीसाठी अभ्यासाचं टेबल नवीन करायचं आहे. लेक लहान आहे आणि सासूबाईंना दमा आहे. त्यामुळे या वेळी नुसतं दिसायला छान एवढ्यावर मला थांबायचं नाही.

अडचण अशी की हल्ली प्रत्येक डब्यावर, प्रत्येक टॅगवर हिरवं पान छापलेलं असतं. 'नैसर्गिक', 'इको', 'ग्रीन' हे शब्द कुणीही छापू शकतं, त्यामागे काहीतरी मोजलेलं असेलच असं नाही. म्हणून मी स्वतःपुरता एक क्रम लावला आहे. आधी काय विकत घ्यायचं नाही ते ठरवायचं. आमच्याकडे एक जुनं सागवानी कपाट आहे, पॉलिश गेलंय पण सांधे घट्ट आहेत, ते काढायचं नाही हे नक्की. त्यानंतर ज्याची वाफ श्वासातून आत जाते त्या गोष्टी, म्हणजे रंग आणि प्लायवूडमधले डिंक. मग अंगाला लागणारं कापड.

प्रश्न असे आहेत: 'झीरो व्हीओसी' लिहिलेल्या डब्यात खरंच काही नसतं का? कपाटाला प्लाय, एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड) की भरीव लाकूड? आणि बांबूचं म्हणून जे मऊसूत कापड मिळतं ते खरोखर इतकं गुणी आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

कोरांटी

अगदी वेळेवर धागा काढलात. आमचंही काम पुढच्या महिन्यात आहे. वाचतेय.

शुभ्रक

रानजाई, मी रंगांच्या प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे पहिल्या प्रश्नावर थोडं लांबण लावतो.

व्हीओसी म्हणजे रंग वाळताना हवेत उडून जाणारे सेंद्रिय पदार्थ. जुन्या पद्धतीच्या ऑइल पेंटमध्ये ते भरपूर असतात, कारण त्यात टर्पेंटाइनसारखा द्रावकच सगळा उडून जायचा असतो. पाण्यावर आधारित रंगात बरेच कमी असतात, पण पाण्याचा रंग म्हणजे शून्य असं समजू नका. युरोपात आतल्या भिंतींच्या मॅट रंगासाठी २०१० पासून लिटरला ३० ग्रॅम ही वरची मर्यादा आहे. चांगले रंग आज त्याच्या खूप खाली असतात. डब्याच्या दर्शनी बाजूला काय छापलंय ते सोडा, मागचा ग्रॅम प्रति लिटरचा आकडा बघा. तो नसेल तर कंपनीचं तांत्रिक माहितीपत्रक मागा.

आता जिथे लोक हमखास फसतात ती जागा. 'झीरो' हा दावा बहुतेक वेळा पांढऱ्या बेसचा असतो. दुकानातल्या मशीनमधून त्यात शेडचं रंगद्रव्य पडतं, आणि त्या द्रव्यात ग्लायकॉलसारखे पदार्थ असले की शून्य राहत नाही. शेड जितकी गडद, तितकं हे द्रव्य जास्त. तेव्हा 'शेड टाकल्यावर किती?' हे स्पष्ट विचारा. फिकट शेड घेतली तर हा प्रश्न आपोआप लहान होतो.

वास नाही म्हणजे व्हीओसी नाही, असंही नसतं. वास कमी करणं हे वेगळं काम आहे आणि ते कारखान्यात मुद्दाम केलं जातं.

दुसरं, पाण्याचा रंग डब्यात सडू नये म्हणून त्यात परिरक्षक घालावे लागतात, बहुधा आयसोथायाझोलिनोन गटातले. काहींच्या त्वचेला त्यांची ॲलर्जी असते. घरात कुणाला असेल तर सिलिकेट (हाही एक खनिज रंग) किंवा चुन्याच्या रंगाकडे वळा. ते मुळातच इतके अल्कधर्मी असतात की जंतू वाढत नाहीत.

आणि एक कळकळीची गोष्ट. भिंतीला उत्तम रंग निवडतात आणि दारं, खिडक्या, ग्रिल यांना नेहमीचं ऑइल पेंट फासून मोकळे होतात. वाफ सगळी तिथूनच येत राहते. पाण्यावर आधारित इनॅमल मिळतं, ते घ्या. पुट्टी, प्रायमर, थिनर यांचीही चौकशी करा, भिंतीवर अखेर सगळा थरच चढतो.

कोरांटी

शुभ्रक, आमच्या जुन्या दारांवर रंगाचे कितीतरी थर आहेत. घासून काढावेत का?

शुभ्रक

थांबा, कोरडं घासू नका! जुन्या थरांत शिसं असू शकतं. अमेरिकेत घरगुती रंगात शिशावर १९७८ मध्ये बंदी आली, बऱ्याच देशांत त्यानंतर कितीतरी उशिरा. आता ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) ही मर्यादा सर्वत्र असावी अशी शिफारस आहे, पण तुमच्या दारावरचा सर्वांत खालचा थर त्याच्या आधीचा असू शकतो. शिशाची सुरक्षित अशी पातळीच माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि सर्वांत जास्त नुकसान लहान मुलांच्या मेंदूचं होतं. मुलं जमिनीवर खेळतात, हात तोंडात घालतात, आणि ती बारीक धूळ जमिनीवरच बसलेली असते.

आधी नमुना तपासून घ्या. शिसं निघालं आणि थर घट्ट असेल, तर खरवडण्यापेक्षा त्यावर नवा थर चढवून बंद करणं चांगलं. पोपडे सुटत असतील तर पाणी मारत ओलं घासायचं, खाली प्लास्टिक अंथरायचं, मुलं आणि गरोदर बाई घरात नकोत. ब्लोटॉर्चने जाळून रंग काढण्याची पद्धत तर अजिबात नको, त्याने शिशाची वाफ होते.

निवळी

चुन्याचा उल्लेख आलाच आहे तर लिहिते. माझं काम जुन्या इमारतींच्या गिलाव्याचं, त्यामुळे चुना हा जिव्हाळ्याचा विषय.

कळीचा चुना विरवून, गाळून, पातळ करून भिंतीवर दिला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू पुन्हा चुनखडीच होतो. म्हणजे भिंतीवर प्लास्टिकची फिल्म बसत नाही, दगडाचा पातळ थर बसतो. भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट राहते. ताज्या थराचा सामू (पीएच) १२ च्या आसपास असतो, त्यामुळे बुरशी धरत नाही. याच कारणाने काम करताना चष्मा आणि हातमोजे हवेतच, डोळ्यात थेंब गेला तर गंभीर इजा होते.

पण 'चुना कार्बन शोषतो म्हणून तो निखालस पर्यावरणपूरक' असं कुणी सांगितलं तर पूर्ण मानू नका. चुनखडी भाजताना जो वायू बाहेर पडला तोच तो परत घेतो, आणि भट्टीच्या इंधनाचा धूर वेगळा. तरीही दमट भिंतीसाठी माझी पहिली पसंती चुनाच.

एक मोठी अट मात्र आहे. चुना आणि सिलिकेट रंग दोन्ही खनिज पृष्ठभागावरच धरतात. सिलिकेटचा थर गिलाव्याशी रासायनिकरीत्या जोडला जातो, म्हणून तो फार टिकतो. १८७८ मध्ये जर्मनीत ॲडॉल्फ विल्हेल्म काइम यांनी त्याचं पेटंट घेतलं, त्या पद्धतीचे रंग आजही वापरात आहेत. तुमच्या भिंतीवर आधी ॲक्रिलिक इमल्शन असेल तर त्यावर यातलं काहीही दिलं तरी पापुद्रे निघतील. तपासायचं कसं? भिंतीवर पाण्याचा हबका मारा. पाणी शोषून जागा गडद झाली तर चालेल. थेंब घरंगळून खाली आले तर वर फिल्म आहे. ती आधी खरवडावी लागेल, नाहीतर सरळ कमी व्हीओसीचं इमल्शनच द्या. विनाकारण चांगला थर खरवडून काढणं हाही कचराच.

चुना हाताला थोडा लागतो, पुसला की फिकट होतो. म्हणून मुलांच्या हाताच्या उंचीवर, जिन्यात वगैरे मी तो देत नाही. छत आणि वरच्या भिंतींना द्या.

रानजाई

शुभ्रक, निवळीताई, किती नीट समजावलंत! आत्ता पाण्याचा हबका मारून बघितला. हॉलमध्ये थेंब घरंगळले, आतल्या खोलीत मात्र पटकन शोषलं. म्हणजे सासूबाईंच्या खोलीला चुना देता येईल.

सुतारपक्षी

फर्निचरचं मी सांगतो, आमचं कामच ते.

प्लाय, पार्टिकल बोर्ड, एमडीएफ या सगळ्यांत लाकडापेक्षा डिंकाकडे बघा. स्वस्त बोर्डात बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइड असतो. तो ओलावा आणि उष्णतेत हळूहळू सुटतो आणि फॉर्मल्डिहाइड हवेत येत राहतो, काही वेळा वर्षानुवर्षं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. दम्याच्या माणसाला तर त्याच्या कितीतरी आधी डोळ्यांची जळजळ आणि खोकला जाणवतो. पाणी सोसणाऱ्या प्लायमध्ये फिनॉल-फॉर्मल्डिहाइड असतो. नाव तेच वाटलं तरी तो बंध पक्का असतो आणि सुटणारं प्रमाण बरंच कमी. म्हणून स्वयंपाकघर नसलं, तरी मी आतल्या खोलीलाही तोच सुचवतो.

बोर्डावर 'ई-१' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ चाचणीच्या बंद खोलीत हवेतलं प्रमाण साधारण ०.१ पीपीएमच्या आत. अमेरिकेतला नियम पार्टिकल बोर्डाला ०.०९, एमडीएफला ०.११ आणि प्लायला ०.०५ असा आहे. फॉर्मल्डिहाइड मुळीच न घातलेले बोर्डही निघाले आहेत, मिळाले तर तेच घ्या.

आता जे आम्ही सुतार रोज बघतो आणि गिऱ्हाईक कधीच बघत नाही ते. कपाट पुढून सनमायका लावून चकचकीत असतं. त्याचं दार उघडा आणि बिजागरीचं भोक बघा, मागची पाठ बघा, तळाची कड बघा. तिथे बोर्ड उघडा असतो. वाफ सुटते ती या उघड्या कडांतून आणि भोकांतून, आणि ओलही तिथूनच आत जाऊन बोर्ड फुगतो. चारही कडांना एज बँड (कडेला चिकटवायची पट्टी), पाठीला दोन्ही बाजूंनी लॅमिनेट किंवा सीलर, वायरसाठी पाडलेल्या भोकालासुद्धा सीलर, हे काम देतानाच ठरवून घ्या. नंतर कपाट भिंतीला लागलं की कुणी मागे जात नाही.

बोर्डाला मी सरसकट नावं ठेवणार नाही. लाकडाचा भुसा आणि बारीक तुकडे त्यात कामी येतात. त्याचं खरं दुखणं असं की स्क्रू एकदा काढला की दुसऱ्यांदा नीट पकडत नाही. घरं बदलणाऱ्यांनी पार्टिकल बोर्डाचं कपाट दोनदा सोडून जोडलं की ते खिळखिळं होतं आणि थेट कचऱ्यात जातं. कुसू-खोबणीच्या सांध्याचं भरीव लाकूड तीन पिढ्या दुरुस्त करता येतं.

भरीव लाकूड घेताना ते कुठून आलं ते विचारा. एफएससीचा शिक्का म्हणजे जबाबदारीने सांभाळलेल्या जंगलांतल्या लाकडासाठीची खूण, १९९३ साली स्थापन झालेल्या संस्थेची. त्यात '१०० टक्के', 'मिक्स' आणि 'रीसायकल्ड' असे तीन प्रकार असतात, तेव्हा शिक्क्याखालची ओळ वाचा. शिसवी वर्गातली, म्हणजे डालबर्जिया वंशातली झाडं २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रण यादीत आहेत, कागदपत्रांशिवाय नव्या शिसवीच्या वाटेला जाऊ नका. मला स्वतःला रबरवूड आवडतं. चीक काढून काढून पंचवीस-तीस वर्षांनी झाड तसंही तोडावं लागतं, त्याच्या लाकडाचं फर्निचर होतं. त्याला कीड पटकन लागते, त्यामुळे बोरॉनची प्रक्रिया झालेलं आणि भट्टीत वाळवलेलंच घ्यायचं. ओलं लाकूड वापरलं तर पुढे ते पिळतं आणि सांधे उघडतात.

टेबल बघायला गेलात की खण पूर्ण बाहेर काढा आणि उलटा करा. तळाची फळी खाचेत बसवली आहे की नुसती पिना मारून ठोकली आहे, एवढ्यावरून कारागीर कळतो.

अबोली

सुंदर प्रतिसाद! एक शंका. घरात झाडं ठेवली की ती फॉर्मल्डिहाइड शोषून घेतात ना? तसं असेल तर साध्या बोर्डाचं फर्निचर घेऊन चार कुंड्या ठेवल्या तर?

शुभ्रक

अबोली, ही समजूत नासाच्या १९८९ च्या अभ्यासावरून पसरली. तो प्रयोग लहान बंद पेट्यांमध्ये केलेला होता. घरात दारं-खिडक्यांच्या फटींतूनही हवा सतत बदलत असते आणि त्यापुढे झाडाचं शोषण नगण्य ठरतं. अशा अनेक प्रयोगांचा २०१९ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. नुसत्या हवा खेळण्याइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील असा त्याचा निष्कर्ष. झाडं जरूर ठेवा, मन प्रसन्न राहतं. हवेसाठी खिडकी उघडा.

ताणाबाणा

कापडाबद्दल मी लिहिते. वस्त्रोद्योगात आहे, त्यामुळे बांबूचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

बांबू गवत आहे, झपाट्याने वाढतो, हे सगळं खरं. पण तुम्ही म्हणता ते मऊसूत कापड बहुतेक वेळा व्हिस्कोस असतं. बांबूचा लगदा कॉस्टिक सोड्यामध्ये आणि कार्बन डायसल्फाइडमध्ये विरघळवून त्याचा धागा काढतात. कार्बन डायसल्फाइड हा झटकन उडणारा द्रव आहे आणि त्याची वाफ कामगारांच्या मज्जासंस्थेला घातक असते. तयार कापडात तो राहत नाही, त्यामुळे तुम्हाला त्रास होणार नाही, पण कारखान्यातल्या माणसाला होतो. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने व्हिस्कोसला नुसतं 'बांबू' म्हणून विकणाऱ्यांवर २००९ पासून अनेकदा कारवाई केली आहे. लगद्यापासूनचंच पण बरं कापड हवं असेल तर लायोसेल शोधा. त्याचा द्रावक बंद चक्रात फिरतो आणि ९९ टक्क्यांहून जास्त परत वापरला जातो.

पडद्यांना आणि सोफ्याला माझी निवड अंबाडी, ताग किंवा लिनन अशा खोडातून निघणाऱ्या धाग्यांची. लिनन जवसाच्या खोडाचं. या पिकांना कापसाच्या मानाने पाणी आणि फवारण्या कमी लागतात आणि धागा चिवट असतो. सुती हवंच असेल तर सेंद्रिय कापसाचं घ्या.

इथे दोन शिक्क्यांची फार गल्लत होते. ओईको-टेक्स स्टँडर्ड १०० हा शिक्का तयार कापडात घातक पदार्थ मर्यादेत आहेत एवढंच सांगतो. कापूस सेंद्रिय होता का, सांडपाण्याचं काय केलं, यावर तो बोलत नाही. गॉट्स (सेंद्रिय कापडाचं जागतिक मानक) हा शिक्का शेतापासून रंगाईपर्यंत जातो, त्यात किमान ७० टक्के सेंद्रिय धागा लागतो आणि 'ऑरगॅनिक' असं लिहायला ९५ टक्के. पॉलिस्टरच्या पडद्यालाही पहिला शिक्का मिळू शकतो, आणि त्यात काही खोटं नाही.

'डाग न पडणारं' कापड मात्र मी मुलं असलेल्या घरात घेऊच देत नाही. डाग परतवणारा तो थर अनेकदा पीएफएएस गटातल्या रसायनांचा असतो. ती निसर्गात विघटितच होत नाहीत. त्यातलं पीएफओए २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या (दीर्घकाळ न विघटणाऱ्या घातक रसायनांवरचा आंतरराष्ट्रीय करार) बंदी यादीत गेलं, पण गटात अशी हजारो रसायनं आहेत. त्यापेक्षा सोफ्याला चेन लावलेलं, काढून धुता येणारं कव्हर शिवून घ्या.

सोफ्याच्या कापडाचा मार्टिनडेल आकडा विचारा. घासून घासून कापड कधी विरतं त्याची ती चाचणी आहे. रोजच्या वापराला तो २०,००० घासण्यांच्या वर हवा. कितीही सेंद्रिय असलं तरी दोन वर्षांत विरणारं कापड मला टिकाऊ म्हणवत नाही.

वाटाड्या

ताणाबाणा, मुद्दे पटले, पण पडद्यांबाबत मतभेद नोंदवतो. पश्चिमेच्या खिडकीला सुती पडदा लावला की उन्हाने काही वर्षांत चिंधी होते. माझे पॉलिस्टरचे पडदे कधीपासून तसेच आहेत. टिकतं ते शाश्वत, असं असेल तर पॉलिस्टरला का हाकलायचं?

ताणाबाणा

वाटाड्या, तुमचा मुद्दा रास्त आहे. असलेले पॉलिस्टरचे पडदे कुणीही काढून टाकू नयेत, अगदी खरंच. आणि ऊन सुती कापडाला खातं, रेशमाला तर सर्वांत आधी.

माझा आक्षेप नव्या खरेदीला. पॉलिस्टर धुताना दर वेळी त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात. बाटल्यांपासून केलेल्या पॉलिस्टरचंही तेच. बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते, कापड झाल्यावर बहुतेक वेळा तो प्रवास तिथेच संपतो. आणि सर्वांत वाईट म्हणजे पॉलिस्टर-सूत मिश्रण, दोन्ही धागे वेगळे करणं इतकं अवघड की पुनर्वापर जवळपास होतच नाही.

पश्चिमेच्या खिडकीसाठी उपाय अस्तराचा. मागे वेगळं, टिचबटणांनी लावलेलं साध्या सुती कापडाचं अस्तर. ऊन ते झेलतं, विरलं की तेवढंच बदलायचं, मूळ पडदा शाबूत राहतो.

वाटाड्या

हे सुटं अस्तर डोक्यात आलं नव्हतं. पुढच्या वेळी नक्की. धन्यवाद.

कोरांटी

नैसर्गिक रंगाने रंगवलेलं कापड घ्यावं का?

ताणाबाणा

घ्या, पण रंग पक्का बसायला कोणतं क्षार वापरलं ते विचारा. तुरटी उत्तम. क्रोमियमचं क्षार वापरलं असेल तर वनस्पतीचा रंग असून उपयोग नाही. पडद्यासाठी असेल तर उन्हात तो किती टिकतो हेही विचारा. बरेच नैसर्गिक रंग उन्हात लवकर उडतात, ते उशीच्या अभ्र्यांना आणि चादरींना जास्त शोभतात.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. आता ठरलं ते असं. सासूबाईंच्या खोलीला चुना, हॉलला कमी व्हीओसीचं इमल्शन फिकट शेडमध्ये, दारांना पाण्याचं इनॅमल. सोफ्याचा सांगाडा आणि फोम चांगला आहे, तो तसाच ठेवून लिननचं काढता येणारं कव्हर. नवं कपाट करायचं रद्द! जुन्या कपाटाला आत दोन फळ्या वाढवल्या की काम भागतंय. टेबल मात्र रबरवूडचं.

एकच उरलं. जुन्या कपाटाला पॉलिश काय करू? मी स्वतः करणार आहे.

सुतारपक्षी

ताई, नवं कपाट रद्द केलंत हे वाचून फार बरं वाटलं.

जुनं पॉलिश बहुधा लाखेचं असेल. कोपऱ्यात, दिसणार नाही अशा जागी स्पिरिटचा बोळा घासा, चिकट झालं तर लाखच. मग खरवडायची गरज नाही, स्पिरिटने मऊ करून वरून नवी लाख पातळ थरांत देता येते. लाख किड्यांपासून मिळते, वाळल्यावर तिचा काही त्रास नसतो. फक्त देताना स्पिरिट उडतं, तेव्हा खिडक्या उघड्या, गॅस-दिवा बंद आणि सासूबाई दुसऱ्या खोलीत.

लाख नसेल तर हलकं घासून जवसाचं तेल द्या. बाजारात 'बॉइल्ड' म्हणून मिळणाऱ्या तेलात लवकर वाळण्यासाठी कोबाल्ट किंवा मँगनीजचे क्षार असतात, ते नसलेलं मागा. वाळायला दिवस जास्त लागतील. पातळ हात द्या, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं तेल पुसून घ्या, दोन हातांमध्ये पूर्ण वाळू द्या.

आणि हे अगदी लक्षपूर्वक वाचा. तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, गुंडाळलेल्या कापडात ती कोंडते आणि काही तासांत चिंधी आपोआप पेट घेते. वर्कशॉपला अशा आगी लागतात. प्रत्येक चिंधी बाहेर मोकळ्या हवेत, एकेरी पसरून कडक होईपर्यंत वाळवा, किंवा लगेच पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा.

रानजाई

हे अजिबात माहीत नव्हतं. पत्र्याचा डबा आजच काढून ठेवते. बोळा घासून बघितला की इथेच कळवते.